प्रस्तावना लिहिणारे खांडेकर

गेल्या महिन्यात एका मुलीनं विचारलेला प्रश्न अजून डोक्यातनं जात नाही.

गारगोटीकडची पोरगी. एम.ए. करतेय, कविता लिहिते. स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स माझ्या हातात देऊन म्हणाली, "सर, प्रस्तावना तुम्हीच द्यायची." मी दोन दिवसांत दिली. आश्वासक, संवेदनशील, मातीशी नाळ जोडलेली, सगळं काही त्यात होतं. ती कागद घेऊन गेली आणि आठवड्यानं परत आली. "सर, संग्रह थोडा मोठा होतोय. यातल्या कुठल्या कविता काढू?"

मला सांगता येईना. कारण मी वही शेवटपर्यंत वाचलीच नव्हती.

त्या रात्री आत्याच्या कपाटातली 'विशाखा' काढली. कुसुमाग्रजांच्या कविता नेहमीच वाचतो, पण त्या रात्री फक्त वि. स. खांडेकरांची प्रस्तावना वाचली. आत्यानं समासात बारीक पेन्सिलीनं रेघा मारून ठेवल्यात. तिलाही कवितांइतकीच ही पानं महत्त्वाची वाटली असणार.

१९४२ साली 'विशाखा' आली, ती खांडेकरांनी स्वतःच्या पैशानं काढली. कुसुमाग्रज तेव्हा तीस वर्षांचे. खांडेकर चार वर्षांपूर्वीच, १९३८ मध्ये, शिरोडा सोडून आपल्या कोल्हापुरात आलेले. शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून मास्तरकी केलेला माणूस, पैशाचा सुकाळ थोडाच असणार. तरी दुसऱ्याच्या कविता आधी नीट वाचल्या, त्यात काय आहे ते लिहून सांगितलं आणि वर खिशात हातही घातला. खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. दुसरं कुसुमाग्रजांना, १९८७ चं. हा योगायोग आहे असं मला बिलकुल वाटत नाही. त्या माणसाला वाचता येत होतं, एवढंच त्याचं कारण.

खांडेकर म्हटलं की आपण 'ययाति' म्हणतो आणि थांबतो. फार तर 'अमृतवेल', 'उल्का', आणि हंस पिक्चर्ससाठी मास्टर विनायकांबरोबर केलेले सिनेमे. समीक्षक खांडेकर मात्र आपण पार विसरलो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. गडकरी, आगरकर, केशवसुत, वामन मल्हार जोशी, एकेकावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलंय. गडकऱ्यांचा तर पुण्यात कॉलेजच्या दिवसांत सहवास लाभलेला. कोवळ्या वयात ज्याच्या भाषेनं झपाटून टाकलं, त्याच्यावर पुढे शांत डोक्यानं लिहायला बसणं किती अवघड आहे, हे लिहिणाऱ्यालाच कळेल. आंधळी भक्ती तरी होते, नाहीतर सूड तरी. खांडेकरांचं तसं झालं नाही.

मतभेदही त्यांनी असेच पेलले. 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद आपण परीक्षेपुरता पाठ केला. पण कलेसाठी कला म्हणणारे कादंबरीकार ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि जीवनासाठी कला म्हणणारे खांडेकर इथंच राजारामपुरीत राहायचे, म्हणजे मराठीतला त्या काळचा सगळ्यात मोठा वाङ्मयीन वाद घालणारी दोन माणसं एकाच गावात नांदत होती! १९४० च्या रत्नागिरी संमेलनाचे अध्यक्ष फडके, लगेच १९४१ ला सोलापूरला खांडेकर. वाचकांनी दोघांनाही डोक्यावर घेतलं. मला स्वतःला खांडेकरांची बाजू पटते. त्यांच्या कादंबऱ्यांतली भाषा कधी कधी अलंकारांनी जड होते, हेही खरं आहे.

आज आपल्याकडं प्रकाशन समारंभांना तोटा नाही. शाल, श्रीफळ, फेटा, चार भाषणं, फोटो. पुस्तकात नेमकं काय फसलंय हे एकही वक्ता बोलत नाही, आणि त्या वक्त्यांत मी कितीदा बसलोय. कौतुकानं नव्या लेखकाचं भलं होतं अशी मी माझी समजूत करून घेतली होती. त्या पोरीला कौतुक नको होतं. तिला आपल्या कविता वाचणारं कुणीतरी हवं होतं, आणि ती एवढ्या लांबनं एसटीनं त्यासाठी आली होती.

शेवटच्या वर्षांत खांडेकरांची दृष्टी गेली. तरी लेखन थांबलं नाही, दुसऱ्याला सांगून ते लिहून घेत राहिले. माझे डोळे चांगले धड आहेत, आणि मी चाळीस पानं वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला फोन करून खरं ते सांगितलं आणि प्रस्तावना परत मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "वही राहू दे सर तुमच्याजवळ."

आता रोज रात्री दोन-तीन कविता वाचतो. आत्याची सवय उचललीय, पेन्सिल घेऊनच बसतो. आईच्या हातच्या भाकरीवरच्या तीन कविता आहेत. त्यातली एकच ठेवावी असं वाटतं, तव्यावर पापुद्रा फुगायची वाट बघणारी. पंचगंगेच्या पुरावरची एक फार चांगली आहे, पण तिची शेवटची दोन कडवी जास्तीची आहेत. नेमकी तीच तिची सगळ्यात आवडती, असं तिनं आधीच सांगून ठेवलंय. रविवारी ती येणार आहे.