ताज्या पानांचं तेल व्हिटॅमिन ईने टिकत नाही: खुलासा

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की ताजी तुळस, कडुनिंब धुवून खोबरेल तेलात टाका, बरणी गच्चीवर उन्हात ठेवा, वरून व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल फोडा, तेल वर्षभर टिकतं आणि साबण-बाम कशातही चालतं. हे चुकीचं आहे, प्लीज पुढे पाठवू नका.

व्हिटॅमिन ई तेल खवट व्हायचा वेग कमी करतं, बस. बुरशी आणि बॅक्टेरियावर त्याचा उपयोग नाही, आणि ओल्या पानांतून सुटलेलं पाणी तळाशी साठतं तिथेच ते वाढतात. असं तेल बामात घालून भेगाळलेल्या टाचेला लावायचं म्हणजे खरंच काळजी वाटते.

आपल्या आज्या ओला माका घालायच्याच की, पण त्या मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत तेल कढवायच्या, चोथा विस्तवावर टाकला आणि तडतडला नाही की मगच उतरवायचं. सगळा फरक तिथे आहे.

कढवायचं नसेल तर पानं सावलीत कुडकुडीत वाळवा, पावसाळ्यात पुण्यात ती तशी वाळत नाहीत तेव्हा सरळ वाळलेलीच विकत आणा. कोरडी बरणी, पानं बुडतील एवढं तेल, अंधाऱ्या जागी ४ ते ६ आठवडे, मग मलमलमधून गाळा. साबणात कॉस्टिक सोड्यामुळे (साबण बनवायला लागणारा तीव्र क्षार) जंतूंना तग धरणं अवघड जातं, बामात तसं काहीच नसतं म्हणून तिथे जास्त जपा. गढूळ दिसलं, आंबूस वास आला तर टाकून द्या.