अकरावीची केमिस्ट्री आणि धूळ खात पडलेलं लॉगटेबल

वार्षिक परीक्षा जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर केमिस्ट्रीच्या 'आयएमपी' म्हणजे महत्त्वाच्या प्रश्नांच्या पीडीएफ फिरायला लागतात. दादरपासून डोंबिवलीपर्यंत यादी तीच, वर क्लासचं नाव तेवढं वेगळं. त्या यादीवर पास होता येतं, नाही असं नाही. पण थिअरी न आल्यानं जेवढे मार्क जातात त्याहून जास्त जातात गणितं हातानं शेवटपर्यंत न सोडवल्यानं. सोडवलेलं उदाहरण वाचायचं, "समजलं" म्हणायचं आणि आकडेमोड फोनवर उरकायची, याला अभ्यास म्हणत नाहीत.

बारावीच्या बोर्डाच्या पेपरवर सूचना असते: लॉगटेबल (लॉगॅरिदमचे तक्ते) चालेल, कॅल्क्युलेटर नाही. मग ती सवय अकरावीतच का लावू नये?

एक साधं गणित घ्या. ३.२ ग्रॅम ऑक्सिजन, २ लिटरचं भांडं, तापमान २७ अंश सेल्सिअस. दाब किती? सूत्र असं: मोल, आर (वायूचा स्थिरांक) आणि तापमान यांचा गुणाकार, भागिले आकारमान. आधी मोल, म्हणजे पदार्थाचं प्रमाण, काढा: ३.२ भागिले ३२ (ऑक्सिजनच्या एका मोलचे ग्रॅम), म्हणजे ०.१. तापमान केल्विनमध्ये ३००. दाब अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये हवं असेल तर आर ०.०८२१ घ्यायचा. ८.३१४ हा आर पास्कल आणि घनमीटरसोबत चालतो. तो इथे घातला की उत्तर शंभरपटीनं फुगतं.

आता लॉग: गुणाकाराची बेरीज होते, भागाकाराची वजाबाकी. ०.०८२१ चा लॉग '२ बार पॉइंट ९१४३'. इथेच घोळ होतो. बार म्हणजे उणे, आणि तो फक्त त्या २ वर आहे; .९१४३ धनच राहतं. ०.१ चा लॉग '१ बार', ३०० चा २.४७७१. बेरीज ०.३९१४. त्यातून २ चा लॉग ०.३०१० वजा केला की ०.०९०४. अँटिलॉग, म्हणजे लॉगवरून मूळ आकडा, १.२३१, म्हणजे दाब साधारण १.२३ अ‍ॅटमॉस्फिअर. ज्यानं '२ बार'ला सरळ उणे २.९१४३ धरलं, त्याचं उत्तर ०.०१८ येतं, आणि तो त्याखाली दोन रेघा मारून पुढे जातो! शून्य अंशाला आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला १ मोल वायू २२.४ लिटर जागा घेतो, म्हणजे ०.१ मोलला २.२४ लिटर. तोच वायू २ लिटरमध्ये कोंबलाय, वर तापमानही जास्त. दाब १ च्या वरच असणार. एवढा विचार करायला दहा सेकंद लागतात.

लिमिटिंग रिएजंटचंही, म्हणजे आधी संपणाऱ्या पदार्थाचंही, तसंच. ५ ग्रॅम हायड्रोजन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती? ग्रॅम कमी म्हणून हायड्रोजन आधी संपेल असं धरलं तर २.५ मोल, म्हणजे ४५ ग्रॅम पाणी येतं. अहो, दोन्ही मिळून माल ३७ ग्रॅमचा, त्यातून ४५ ग्रॅम कुठून आणणार? ऑक्सिजन १ मोल आहे, त्याला हायड्रोजन २ मोल लागतो, आपल्याकडे आहे २.५. म्हणून ऑक्सिजन आधी संपतो, पाणी ३६ ग्रॅम बनतं, १ ग्रॅम हायड्रोजन उरतो. तुलना मोलची करायची, ग्रॅमची नाही.

रेडॉक्समध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवघेवीच्या अभिक्रियांत, अणू मोजून थांबू नका, चार्जही मोजा. आम्लात परमँगनेट आणि फेरस आयनचं समीकरण जुळलं की डावीकडे उणे १, अधिक १० आणि अधिक ८ मिळून १७. उजवीकडे मँगनीजचे २ आणि फेरिकचे १५, पुन्हा १७. हे आकडे वेगळे आले तर इलेक्ट्रॉन जुळवताना चूक झाली, समीकरण पुन्हा मांडा.

ऑरगॅनिकच्या नावांत कार्बनची सगळ्यात लांब साखळी बोटानं गिरवून शोधा. ती नेहमी आडव्या ओळीतच असते असं नाही. '२-इथिलब्युटेन' लिहिणाऱ्याला खरं तर ३-मिथिलपेंटेन लिहायचं असतं.

पुस्तकाच्या क्रमानं जायचा हट्टही सोडा, असं माझं मत. मोल, वायू, रेडॉक्स, इक्विलिब्रियम हे हात चालवायचे धडे आधी घ्या आणि रोज दोन-तीन गणितं वेळ लावून सोडवा. कोलॉइड्स आणि रोजच्या जीवनातली केमिस्ट्री शेवटच्या दिवसांत वाचून होते. न्यूक्लिअरमधली हाफ-लाइफची (किरणोत्सारी पदार्थ निम्मा व्हायला लागणाऱ्या वेळाची) गणितं मात्र त्यात ढकलू नका, तिथेही लॉग लागतो. सीईटीत अकरावीला २० टक्के वजन आहे, त्यामुळे ही मेहनत याच वर्षापुरती नाही.

लोकलच्या गर्दीत गणितं सुटत नाहीत, नाद सोडा. तिथे खिशातल्या चिठ्ठ्या काढा: सल्फाइट-सल्फेट, नायट्राइट-नायट्रेट यांची सूत्रं आणि चार्ज, क्रोमियम आणि कॉपरचं इलेक्ट्रॉन कॉन्फिगरेशन. दोघांच्याही ४एस या ऑर्बिटलमध्ये एकच इलेक्ट्रॉन असतो, आणि पेपरात हमखास दोन लिहिले जातात.