लोक घाबरून पळत नाहीत हो, थांबून राहतात

आज एका मीटिंगमध्ये ऐकलं, "आधी सांगितलं की पब्लिक पॅनिक होते, त्यामुळे खात्री झाल्याशिवाय पुराचा भोंगा नाही." तेव्हापासून डोकं फिरलंय.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात आमच्या घरात काय झालं सांगते. रात्रभर धो धो पाऊस, वाशिष्ठी नदी फुगलेली, त्यात भरती, पहाटे मोरीतून पाणी उलटं यायला लागलं. पळालो का आम्ही? छे! सासूबाईंनी भिंतीवरची २००५ च्या पुराची खूण दाखवली, "त्याच्यावर नाय जायचं गो." मग आम्ही फ्रीजखाली विटा लावल्या, तांदळाचा डबा माळ्यावर टाकला. शेजारच्या वहिनींना फोन केला, निघताय का? त्या म्हणाल्या, तुम्ही निघताय का? दोन्ही घरं एकमेकांकडे बघत तासभर बसून. आणि पाणी त्या खुणेच्या वर गेलं तेव्हा दार उघडेना.

हा तासभर कुठल्याच आराखड्यात नसतो!!

अफवेने पळापळ होते कधीकधी, मान्य. पण २०२० ला निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी आधीच सांगितलं होतं तर श्रीवर्धनकडची माणसं घरं सोडून गेलीच ना? कोणी तुडवातुडवी केली?

आम्हाला बाहेर काढलं ते बाजूच्या चाचांनी. आपल्या मुलाला घेऊन छातीभर पाण्यातून आले, ट्रकच्या टायरची ट्यूब होती, त्यावर सासूबाईंना बसवलं आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर नेलं. त्या एका हाताने ट्यूब आणि दुसऱ्या हाताने देवांचा डबा धरून होत्या. बोट संध्याकाळी आली. बोटवाल्यांना दोष नाही देत, रस्तेच पाण्याखाली होते, महाडकडच्या तळिये गावात तर त्याच दिवशी दरड कोसळली आणि बचावपथकं पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोपर्यंत शेजारीच असतो हो. मग दोर, ट्यूब, लाइफ जॅकेट आळीत नको का ठेवायला? शिमग्याला पालखीला कोणी कुठे खांदा द्यायचा हे आमच्या वाड्यांना कागदावर लिहून द्यावं लागत नाही, त्याच माणसांना हाताशी धरा की.

आता भिंतीवर २०२१ ची खूण आहे. परवा मुलगाच म्हणाला, आई, याच्यावर नाही येणार. पोटात गोळा आला माझ्या.

आळीतल्यांनो, रविवारी सकाळी आमच्या पडवीत या. कोणाच्या घरी उचलून न्यावं लागेल असं माणूस आहे, कोणाची गुरं आहेत, यादी करू. चाचा ट्यूब घेऊन येतायत.