लवंग तेलाने दातातलं भोक बुजत नाही: ‘फिलिंग करू नका’ या संदेशाला मुद्देसूद उत्तर

नागपुरातल्या घरगुती व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचं सार असं: दात किडला तर डेंटिस्टकडे जाऊ नका. लवंग तेल, हळद, तुरटी आणि मोहरीचं तेल कालवून लावा, कीड मरून बाहेर पडते आणि दात आपोआप भरून येतो. फिलिंगच्या नावाखाली चांगला दात कोरतात, आत पारा भरतात, ते वर्षभरात पडतं आणि शेवटी रूट कॅनल करावंच लागतं. दुधाच्या दातांना तर हातच लावू नये. आणि खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण) खाणाऱ्याचे दात किडत नाहीत.

यातली एक-दोन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच संदेश पटतो आणि पुढे ढकलला जातो. त्यापायी लोकांचे महिने वाया जातात, आणि किडलेल्या दातात महिन्यांना फार किंमत असते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘कीड मरून बाहेर पडते’

दातात अळी नसते. फ्रान्सचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी सूक्ष्मदर्शकाखाली किडके दात तपासून १७२८ सालीच लिहून ठेवलं की अळी सापडत नाही. बाजारात भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन वाटीतल्या पाण्यात ‘अळ्या’ दाखवतात, तेव्हा ते पांढरे तुकडे बियांतूनच आलेले असतात. तापलेलं बी फुटलं की आतला वळलेला कोंब बाहेर पडतो.

खरा प्रकार असा आहे. दातावर साचलेल्या चिकट थरात जिवाणू राहतात. साखर किंवा पिठूळ पदार्थ मिळाला की ते आम्ल तयार करतात. थराखालचा पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातलं, म्हणजे इनॅमलमधलं, खनिज विरघळू लागतं. लाळ हे आम्ल निवळवते, पण त्याला २० ते ४० मिनिटं लागतात. म्हणून जेवणानंतर संत्रा बर्फीचे दोन तुकडे एकदम खाल्ले तर एकच झटका बसतो. तीच बर्फी दुपारभर येता-जाता तोंडात टाकली, जोडीला तीन-चार साखरेचे चहा झाले, तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. गोड किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे दाताला जास्त भोवतं.

‘दात आपोआप भरून येतो’

हे एका टप्प्यापर्यंत खरं आहे. सुरुवातीला दातावर खडूसारखा पांढुरका, निस्तेज डाग दिसतो. पृष्ठभाग अजून अखंड असतो. या अवस्थेत १००० पीपीएमच्या आसपास फ्लोराइड असलेली पेस्ट दिवसातून दोनदा, रात्रीच्या ब्रशनंतर चूळ न भरता फक्त थुंकून टाकणं, गोडाच्या वेळा कमी करणं आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडून ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातावर फासायचा पातळ लेप, एवढ्याने डाग तिथेच थांबू शकतो. अशा डागावर कोणी लगेच ड्रिल चालवायला निघालं, तर कारण विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पृष्ठभाग फुटून खड्डा पडला की मात्र हा मार्ग बंद होतो. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येताना संपून जातात, त्यामुळे गेलेलं इनॅमल शरीर पुन्हा बनवत नाही. शिवाय बाहेरून दिसतं त्यापेक्षा आत नुकसान मोठं असतं. संत्र्याच्या सालीवर टाचणीएवढं टोचल्याची खूण असावी आणि सोलल्यावर आतल्या दोन फोडी सडलेल्या निघाव्यात, तसं. कारण इनॅमलखालचा डेंटिन मऊ असतो आणि त्यातल्या सूक्ष्म नळ्या थेट नसेच्या दिशेने जातात.

दोन दातांच्या मधली कीड तर आरशातही दिसत नाही. त्यासाठी छोटा एक्स-रे लागतो. ‘मला काहीच दिसत नाही, मग एक्स-रे कशाला,’ याचं उत्तर हेच.

‘लवंग तेलाने दाढ बरी होते’

लवंग तेलात युजेनॉल असतं आणि ते खरोखरच ठणका दाबतं. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल कालवून केलेलं तात्पुरतं फिलिंग डेंटिस्टही वापरतात. म्हणजे औषध खरं आहे, त्याच्या नावावर खपवलेला दावा खोटा आहे. ते कळ थांबवतं. खड्ड्यातले जिवाणू, मऊ झालेला डेंटिन आणि अडकलेलं अन्न जिथल्या तिथे राहतं. रात्री डॉक्टर मिळत नसेल तर कापसाच्या बारीक बोळ्यावर थेंबभर घेऊन फक्त खड्ड्यात ठेवा. हिरडीवर चोळलं तर ती भाजते आणि पांढरी पडते. ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून ठेवल्यानेही तसंच होतं. तुरटी आणि हळदीने भोक बुजत नाही. मोहरीच्या तेलाने तर नाहीच.

सगळ्यात फसवा प्रकार पुढचा. आठ-दहा दिवस ठणकलेली दाढ एकाएकी शांत होते आणि माणूस म्हणतो, ‘उपाय लागू पडला.’ पुष्कळदा त्या वेळी आतली नस मेलेली असते. मेलेली नस दुखत नाही, पण संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतो. मग काही आठवड्यांनी गाल सुजतो किंवा हिरडीवर पुवाची पुळी येते. तोंड उघडेनासं झालं, गिळताना त्रास होऊ लागला, ताप आला किंवा सूज जबड्याखाली मानेकडे सरकली, तर तो प्रसंग थेट इस्पितळात जाण्याचा आहे, मध्यरात्र असली तरी.

‘चांगला दात कोरतात’

खुर्चीवर नेमकं काय होतं हे माहीत नसल्यामुळे ही भीती बसते, म्हणून हा भाग सविस्तर.

कीड खोल असेल तर आधी भूल: २ टक्के लिग्नोकेन, सहसा ॲड्रिनॅलिन मिसळलेलं. खालच्या दाढेसाठी नसेचा ब्लॉक देतात, म्हणजे जबड्याच्या नसेजवळ इंजेक्शन देऊन ती बाजू बधिर करतात, त्यामुळे अर्धा ओठ आणि जीभ दोन-तीन तास किंवा थोडी जास्त वेळ बधिर राहते. तेवढ्यात तर्री-पोहे खायला बसू नका. ओठ भाजला किंवा चावला गेला तरी कळत नाही. लहान मुलं तर गंमत म्हणून ओठ चावून रक्त काढतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

मग एअरोटर, म्हणजे दात कोरायचं ड्रिल. हे यंत्र मिनिटाला तीन-चार लाख फेऱ्या घेतं, म्हणून टोकावर पाण्याचा फवारा लागतोच. पाणी नसेल तर नस तापते. त्याने फक्त वरचं फुटकं इनॅमल उघडतात. आतला ओला, मऊ, लगद्यासारखा डेंटिन चमच्यासारख्या छोट्या हत्याराने किंवा हळू फिरणाऱ्या गोल बरने (ड्रिलच्या टोकाला लावायच्या पात्याने) खरवडतात. खड्ड्याच्या कडा घट्ट आणि स्वच्छ हव्यात. तळाशी, नसेच्या अगदी जवळ, चामड्यासारखा थोडा डेंटिन मुद्दाम ठेवतात. कडा हवाबंद झाल्या की खालच्या जिवाणूंना खाद्य मिळत नाही आणि नस उघडी पडण्याचा धोका टळतो. म्हणजे आजची पद्धत जास्तीत जास्त दात राखण्याची आहे.

दातरंगी काँपोझिट भरायचं असेल तर ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडची जेल डेंटिनवर सुमारे १५ सेकंद ठेवून धुतात, बाँड, म्हणजे चिकटवणारा द्रव, लावून निळ्या प्रकाशाने पक्कं करतात. मग साहित्य साधारण २ मिलिमीटरच्या थरांनी भरतात आणि प्रत्येक थराला सुमारे २० सेकंद प्रकाश देतात. एकदम मोठा गोळा भरला तर तळ कच्चा राहतो. शिवाय काँपोझिट पक्कं होताना दोन-तीन टक्के आकुंचन पावतं. त्याचा ताण कडेवर येऊन फट पडते. दोन दातांमधली भिंत बांधायची असेल तर धातूची पट्टी आणि छोटी पाचर लावावी लागते. ती नीट बसली नाही तर जेवताना तिथे सांभाराची (कोथिंबिरीची) काडी अडकणारच, आणि हिरडी सुजणार.

सर्वांत मोठा शत्रू लाळ. बाँड लावल्यावर लाळेचा थेंब पोचला की पकड गेली. म्हणून रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवलेला रबराचा पडदा) किंवा निदान कापसाचे बोळे, ओढयंत्र आणि मदतनीस. मध्येच तोंड मिटून चूळ भरायचा हट्ट रुग्णाने करू नये तो यासाठीच.

शेवटी फिलिंग कुठे उंच राहिलंय ते बघायला निळा-लाल कागद चावायला देतात. बधिर तोंडाने चावा नीट कळत नाही, त्यामुळे घरी गेल्यावर ‘दाढ आधी टेकते’ असं वाटलं तर दुसऱ्याच दिवशी परत जा. कणभर उंच राहिलेलं फिलिंग महिनाभर दुखवू शकतं, आणि घासायला दोन मिनिटं लागतात.

‘आत पारा भरतात’

चांदीच्या फिलिंगमध्ये, म्हणजे अमाल्गममध्ये, वजनाने निम्म्याच्या आसपास पारा असतो, हे खरं. चांदी, कथील आणि तांब्याशी संयोग होऊन तो बांधला जातो; वाफ सुटते ती अत्यल्प. पाऱ्याचा वापर कमी करण्याचा मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला, त्यात अमाल्गमही येतं, आणि त्यामागचं मोठं कारण पाऱ्याचं प्रदूषण हे आहे. गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुलांमध्ये ते टाळतात. आज बहुतेक दवाखान्यांत काँपोझिट किंवा ग्लास आयोनोमर, लोकांच्या भाषेत ‘सिमेंट’, भरतात. त्यात पारा अजिबात नसतो. जुनी चांदी घट्ट बसलेली असेल तर संदेश वाचून घाबरून ती काढायला जाऊ नका. सर्वांत जास्त वाफ ती कोरून काढतानाच सुटते, आणि सोबत चांगला दातही जातो.

‘वर्षभरात पडतं, मग रूट कॅनल’

नीट केलेलं काँपोझिट अनेक वर्षं टिकतं. वर्षभरात पडलं तर कारण शोधावं लागतं: काम करताना लाळ लागली, भिंती पातळ होत्या आणि कॅपची गरज होती, रात्री दात खाण्याची सवय आहे, किंवा कडेने नवी कीड लागली.

रूट कॅनल फिलिंगमुळे करावं लागत नाही, ते उशिरामुळे करावं लागतं. माठातल्या गार पाण्याने झिणझिणी येऊन काही सेकंदांत गेली तर नस बहुधा सावरेल, फिलिंगने भागेल. कळ अर्धा मिनिट किंवा जास्त रेंगाळते, गरम चहाने भडकते, काही न खाता रात्री झोपेतून उठवते, अशा दाढेची नस परतीच्या पलीकडे गेलेली असते. तिथे नुसतं फिलिंग केलं तर दुखणारच, आणि बोल फिलिंगला लागतो. खोल फिलिंगनंतर आठवडा-दोन आठवडे गारव्याने शिरशिरी येणं चालतं. ती दिवसेंदिवस कमी झाली पाहिजे, वाढता कामा नये.

‘दुधाचे दात पडणारच’

पुढचे दात वयाच्या सहा ते आठ वर्षांच्या सुमारास पडतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत चावायच्या असतात आणि खालच्या पक्क्या दातांची जागा राखतात. लवकर काढल्या तर मागची दाढ पुढे सरकते, मग दात वाकडे येतात आणि तारा लावायची वेळ येते. त्याहून मोठी गफलत अशी, की सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली पक्की दाढ शेवटच्या दुधाच्या दाढेमागे येते, एकही दात न पडता. आईबाबा तिला दुधाची समजतात, ती किडते आणि ‘पडेलच’ म्हणून सोडून देतात. ती पुन्हा येत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात पुढच्या मधल्या दातापासून एका बाजूला मागे मोजत जा: पाचव्या दातामागे सहावा दिसला तर तो आयुष्यभराचा आहे. त्यावरच्या खोल खाचा सीलंटने, म्हणजे खाचा भरणाऱ्या पातळ लेपाने, बुजवून घ्या.

‘खर्रा खाणाऱ्याचे दात किडत नाहीत’

हा मुद्दा खास आपल्या भागाचा, आणि सगळ्यात घातक. सुपारीच्या कणांनी दाढांचं इनॅमल झिजतं, चिरा पडतात. तंबाखू आणि चुन्याने गालाशी लागणारी हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं, आणि मुळावर इनॅमल नसतंच. तिथली कीड झपाट्याने आत जाते. कळ जाणवत नाही म्हणून दात चांगले आहेत असं वाटतं. कर्करोगाचा धोका तर आहेच.

पण फिलिंगच्या बाबतीत खर्रा आणखी एका तऱ्हेने आडवा येतो. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी ताठ आणि फिकट होत जाते, तिखट झोंबू लागतं आणि तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसाचं तोंड साधारण चार सेंटिमीटर किंवा जास्त उघडतं. ते दोनवर आलं की शेवटच्या दाढेवर एअरोटरचं डोकं बर लावून उभं धरताच येत नाही. कीड दिसते, भरता येत नाही, आणि काढायची म्हटली तरी चिमटा शिरत नाही.

आरशासमोर स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर खर्रा त्याच दिवशी बंद करा आणि मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन दाखवा. तिथे खर्च नाममात्र येतो. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, म्हणून वेळ जास्त लागतो. सकाळी ओपीडी सुरू होतानाच पोचा, आणि किडलेल्या दाढेआधी तोंड किती उघडतं ते मोजून केसपेपरवर लिहायला सांगा.