संपानं गिरण्या बुडवल्या? तोच सिनेमा पुन्हा बघा

१८ जानेवारी, म्हणजे १९८२ चा मुंबईचा गिरणी संप सुरू झाला तो दिवस, जवळ आला की व्हॉट्सॲपवर हा मजकूर फिरायला लागतो: ‘गिरणगावचा खरा इतिहास हवा तर “लालबाग परळ” बघा. दत्ता सामंतांनी कामगारांना संपात ओढलं, संपानं गिरण्या बुडाल्या आणि पोरं गुंड झाली.’ माझे आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, होते. मला हे निमूट वाचून पुढे जाता येत नाही.

आधी ‘ओढलं’. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून काही गिरण्यांत काम थांबलं, तेव्हा कामगारच घाटकोपरला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या दारी गेले. १९४६ च्या कायद्यानं वाटाघाटीचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघ या कामगार संघटनेकडे होता, आणि त्या संघावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. बदली कामगार वर्षानुवर्षं रोज गेटवर उभा राहायचा, काम मिळालं तर मिळालं. त्याला कायम करा, ही मागणी पगारवाढीइतकीच जिवाची होती. अडीच लाखांच्या आसपास माणसं नुसत्या भाषणाला भुलून चूल विझवत नाहीत.

मग ‘संपानं बुडाल्या’. संपाचा घाव खोल होता, हजारोंना परत घेतलंच नाही. पण भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांवर स्वस्त कापड त्याआधीपासून निघत होतं, आणि बऱ्याच मालकांनी जुन्या यंत्रांत पैसा घालणं सोडलं होतं. १९८३ मध्ये सरकारनं १३ गिरण्यांचा कारभार हातात घेतला. कित्येक गिरण्यांचा भोंगा संपानंतरही वाजत होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं गिरणीची जमीन विकायची वाट मोकळी केली: एक वाटा पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि उभ्या शेडखालची जमीन वाटणीतून सुटली. जमिनीवरचा मालकाचा डोळा तर हा सिनेमाच दाखवतो! त्या सिनेमाचंच नाव घेऊन दोष संपकऱ्यांच्या माथी मारायचा, याचा मला संताप येतो.

राहिली पोरं. सिनेमा जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावर बेतलाय आणि गोष्ट एका धुरी कुटुंबाची आहे. त्या घरात नरू गुंड होतो, तसा बाबा लेखक व्हायला धडपडतो. नरू खोटा नाही, पण सगळ्या चाळींवर त्याचाच शिक्का का?

आमच्या आजीची खानावळ होती. जेवणारे पलीकडच्या गाळ्यात पाळीपाळीनं झोपायचे. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. संपात ती उधारीवर जेवू घालत राहिली, सगळं वहीत लिहून. पुढे एकेक जण गावी गेला. कुणी दोन वर्षांनी तांदळाचं पोतं घेऊन आला, कुणी मनिऑर्डर केली. वहीत एकवीस नावं आहेत. सतरा नावांपुढे आजीच्या वाकड्या अक्षरात ‘पावले’ असं लिहिलंय.