आजीचं पाणी

सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. त्यामुळं आमच्या घरात पिंपापासून मुलांच्या वॉटरबॅगपर्यंत जे जे पोकळ आहे ते ते भरलेलं असतं. अशा घरात पाणी ओतून टाकायचं काम माझ्यावर आलं.

आजीचं वर्षश्राद्ध उरकलं होतं, सोमवारी रंगारी येणार होते, तिचं फडताळ रिकामं करायचं होतं. लुगडी आत्यांनी वाटून घेतली, देव देवघरात सरकले. उरलं ते पाणी. पाच तांब्याचे गडू आणि अकरा बाटल्या.

आजी ब्याण्णव वर्षं जगली, त्यातली निम्मी गाडीत काढली असावीत. पहिला प्रवास पंढरपूरचा. कुर्डुवाडीला उतरून, अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाइट पकडून. मग तिला कुणाला आवरता आलं नाही. द्वारका, पुरी, बदरीनाथ. रामेश्वरची वाळू काशीला नेऊन गंगेत सोडायची आणि तिथली गंगा आणून रामेश्वराला घालायची, हे तिनं दोनदा केलं. पहिल्या खेपेला वाळू कमी पडल्याचा तिला संशय होता. बरोबर कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी. काशीच्या पंड्यानं चटणी चाखून दक्षिणेत सूट दिली, ही गोष्ट तिनं आम्हाला इतक्यांदा सांगितली की सूट चार आण्यांवरून सव्वा रुपयावर गेली.

गडू सहा होते. सहावा तिच्या आजारपणात काढला. डॉक्टरांनी मान हलवली, म्हणून तोंडात गंगा घालायला गेलो, तर डाख निघेना. बाबा पकड शोधतायत, काका स्क्रूड्रायव्हरनं खुपसतायत. एवढ्यात आजीनं डोळे उघडले. "माठातलं दे की रे." उजनीचं पाणी ती घटाघटा प्याली आणि पुढं तीन दिवस राहिली.

आता बाकीच्यांचं काय करायचं? बेसिनमध्ये नको, पाप. तुळशीला घालावं, तर बाटलीवर 'रामेश्वर'; समुद्राचं पाणी, तुळस जळायची. सिद्धेश्वर तळ्यात सोडू म्हटलं, तर आत्या फोनवर ओरडली, "आईनं बदरीहून हातात धरून आणलंय, तू तळ्यात टाकणार?" भाऊ आला. "काय करलालास बे? दे ओतून." मी बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं बूच उघडलं, वास घेतला, परत घट्ट लावलं आणि दुकानात काम आहे म्हणून निघून गेला.

सगळ्यात मागं औषधाची एक चपटी बाटली होती. चिठ्ठीवर आजीचं वाकडंतिकडं अक्षर: 'कुर्डूवाडी ठेसन'. आतलं पाणी बोटभर उरलेलं. तिथं ना देव, ना तीर्थ. फार तर फलाटावरचा नळ. आत्यांना विचारलं, तीन आत्यांनी तीन कारणं सांगितली. आई तेवढी म्हणाली, "एकटी उतरली असेल तिथं. पहिल्यांदाच."

तेवढ्यात नळ खाकरला. "पाणी आलं!" घरभर पळापळ झाली. घागर, बादल्या, डबे, पातेली, सगळं भरलं, तरी नळ चालूच. आईनं हात पुढं केला, "अजून काही आहे का रे रिकामं?"

मी कुर्डुवाडी खिशात टाकली आणि म्हणालो, "नाही."

रंगाऱ्यांना सांगितलंय, फडताळ सोडून रंगवा.