‘कोर्टही काही करू शकत नाही’ हे खरं नाही

एक मेसेज ग्रुपांवर फिरतोय: ‘काम करायचं की नाही ही अधिकाऱ्याची मर्जी. कोर्ट कारभारात पडत नाही. निधी नाही म्हटलं की विषय संपला. आदेश आलाच तरी तो नुसता कागद.’ असलं वाचून माणसं लिहिलेला अर्ज घरीच ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मर्जीचं आधी. कायदा ‘करील’ म्हणतो तिथे मर्जी उरत नाही. ते काम टाळलं तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालय परमादेश, म्हणजे ते काम कराच असा हुकूम, काढतं. वकील त्याला मँडॅमस म्हणतात. एक मात्र खरं, की निर्णय अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवलेला असेल तर कोर्ट सहसा ‘मंजूर करा’ म्हणत नाही, ‘इतक्या आठवड्यांत निर्णय द्या’ म्हणतं. वर्षभर अडलेली फाइल तेवढ्यानेही हलते.

निधीच्या सबबीला तर मध्य प्रदेशातल्या रतलामने 1980 मध्येच उत्तर दिलंय. उघडी गटारं, मद्यार्क कारखान्याचं रस्त्यावर येणारं घाण पाणी, शौचालयं नसल्याने रस्त्याकडेलाच बसणारे झोपडपट्टीतले लोक. रहिवासी मॅजिस्ट्रेटकडे गेले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. शिवाय तुम्ही घाण बघूनच इथे राहायला आलात! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्या. कृष्ण अय्यर यांनी ठणकावलं, की आरोग्य राखण्यासाठीच असलेल्या नगरपालिकेला पैशाचं कारण सांगून पळता येणार नाही. गटारं आणि शौचालयं मुदतीत करण्याचा आदेश झाला.

‘नुसता कागद’? आदेश जाणूनबुजून मोडला तर 1971 च्या अवमान कायद्याने 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

अर्थात उठलं की रिट, म्हणजे असा हुकूम मागणारी उच्च न्यायालयातली याचिका, असंही नाही. दुसरा सोपा मार्ग असेल तर कोर्ट आधी तिकडे पाठवतं. महाराष्ट्रात दाखला अडला आणि ती सेवा 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित, म्हणजे सरकारने जाहीर केलेली असेल, तर त्याच कायद्याखाली आधी अपील करा. पण अपील असो की रिट, पहिला प्रश्न एकच येतो: ‘पोच आहे का?’ आधी मागितलंच नाही, तर नाकारलं कसं म्हणणार? म्हणून अर्ज दोन प्रतींत न्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी खिडकीवरून हलू नका. आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख पडली का, ते तिथेच बघून घ्या.